पेटीतली तीन हाडे: मणका कितवा, बरगडी कोणत्या बाजूची?

पहिले_वर्ष
नमस्कार मंडळी. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला सध्या अक्षीय सांगाडा (कवटी, कणा, छातीचा पिंजरा) चालू आहे. नावे पाठ होतात, पण हाड हातात आले की गाडी अडते. बोनसेटच्या, म्हणजे अभ्यासाच्या हाडांच्या संचाच्या, पेटीतली तीन हाडे समोर ठेवली आहेत. जशी दिसतात तसे वर्णन देते.

अ: मणका. बॉडी (पुढचा जाड भाग) मध्यम आकाराची. तिच्या दोन्ही बाजूंना, मागच्या अंगाला, एकेक पूर्ण गोल गुळगुळीत खूण. ट्रान्सव्हर्स प्रोसेसला (बाजूला निघालेल्या फाट्याला) भोक नाही, आणि तिच्या टोकाला गुळगुळीत खूणही नाही.

आ: बरगडी. आखूड, चपटी, विळ्यासारखी वळलेली. खालच्या कडेला खोबण शोधून सापडत नाही.

इ: बिनबॉडीचे कडे. अ‍ॅटलस (मानेचा पहिला मणका) आहे एवढे कळते, पण वरची बाजू कोणती?

ही हाडे कितवी, कोणत्या बाजूची आणि हातात कशी धरायची, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांनी संज्ञा मराठीतून समजून घ्याव्यात, की सरळ लॅटिन नावेच घोकावीत?

बोनसेट
आ म्हणजे बारावी बरगडी. आखूड आणि बिनखोबणीची म्हटल्यावर दुसरी कोणती असणार?

शारीर_शिक्षक
बोनसेट, थोडे थांबा. खोबण पहिलीलाही नसते. दोघींच्या डोक्यावर सांध्याची खूणही एकच असते, त्यामुळे तिचाही उपयोग नाही. फरक दुसरीकडे बघायचा. बारावी अरुंद असते, पुढच्या टोकाला निमुळती होत संपते, तिला मान नाही, ट्यूबरकल (हाडावरचा उंचवटा) नाही आणि कोनही नाही. पहिली सगळ्या बरगड्यांत जास्त वळलेली आणि रुंद. तिला मान असते, ट्यूबरकल तर ठळक असते आणि पुढचे टोक जाड, बोथट असते. पहिले_वर्ष, तुमच्या बरगडीची रुंदी आणि दोन्ही टोके कशी आहेत ते सांगा, मग बोलू.

तोवर मुळातली गोष्ट. हाड हातात घेतल्याबरोबर नाव सांगायच्या फंदात पडू नये. आधी शरीर उभे करायचे. शरीररचनेत सगळ्या दिशा एकाच ठरलेल्या उभ्या माणसावरून मोजतात: नजर समोर, पावले समोर, हात बाजूला सोडलेले, तळहात पुढे, म्हणून अंगठे बाहेरच्या बाजूला. तळहात पुढे ठेवण्याला कारण आहे. तसे केले तरच कोपर ते मनगट या भागातली दोन हाडे समांतर राहतात. तळहात मागे फिरवला की रेडिअस अल्नावरून आडवी जाते आणि आतले-बाहेरचे सगळे गोंधळते.

एकदा हा माणूस उभा राहिला की तो झोपला, पालथा पडला किंवा उलटा टांगला तरी संज्ञा बदलत नाहीत. पाठीवर झोपलेल्या रुग्णाची छाती आपल्याला वर दिसते, पण ती अँटिरिअरच, म्हणजे पुढचीच. सुपिरिअर म्हणजे डोक्याकडचे, छताकडचे नव्हे. व्हायवात (तोंडी परीक्षेत) निम्म्या चुका इथेच होतात.

मणका हातात घ्यायची पद्धत सांगतो. बॉडी आपल्यापासून दूर, स्पायनस प्रोसेस (मागे निघालेला काटा) आपल्याकडे. म्हणजे आपण त्या माणसाच्या पाठीमागे उभे आहोत, त्याचा डावा तो आपलाही डावा. वर-खाली ठरवायला दोन खुणा. स्पायनस प्रोसेस बहुधा खाली झुकलेला असतो. आणि पेडिकलच्या (बॉडीला मागच्या कमानीशी जोडणाऱ्या आखूड खांबाच्या) वर-खाली ज्या दोन खाचा असतात त्यांतली खालची जास्त खोल असते. लंबार (कमरेच्या) मणक्यात स्पायनस प्रोसेस जवळपास आडवाच असतो, तिथे पहिली खूण कामाची नाही, दुसरी मात्र चालते.

क्ष_किरण
सरांच्या डाव्या-उजव्याला जोडून एक. हाड धरताना आपण पाठीमागे उभे असतो, पण छातीचा एक्स-रे बघताना रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असे मानतात. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. सीटीचा आडवा काप तर रुग्ण पाठीवर झोपलेला आहे आणि आपण त्याच्या पावलांकडून बघतोय असा मांडतात. तिथेही त्याचे उजवे आपल्या डावीकडे.

म्हणून फिल्मवरचा आर किंवा एल मार्कर वाचल्याशिवाय बाजू सांगायची नाही. हृदयाचे टोक डावीकडे दिसते म्हणून ती डावी बाजू, हा तर्क डेक्स्ट्रोकार्डिआत (हृदय उजवीकडे असण्यात) फसतो.

एक्स-रेवर बरगड्या मोजतानाही लक्षात ठेवा, मागचा भाग जवळजवळ आडवा दिसतो आणि पुढचा तिरका खाली उतरतो. श्वास नीट भरलेला असेल तर डायफ्रॅमच्या वर पुढच्या साधारण सहा किंवा मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. पुढची-मागची यांची सरमिसळ झाली की आकडा चुकलाच.

शब्दवेध
दुसऱ्या प्रश्नावर माझे ठाम मत: मराठीतूनच समजून घ्या. लॅटिन नावे अवघड वाटतात ती त्यांचा अर्थ कोणी सांगत नाही म्हणून. अर्थ कळला तर बहुतेक नावे रोजच्या वापरातल्या वस्तूंची निघतात. नाकाच्या पडद्यातले व्होमर म्हणजे नांगराचा फाळ, आणि आकारही तसाच. एथमॉइड म्हणजे चाळणीसारखे. वासाचे तंतू त्या चाळणीतूनच वर जातात. मॅन्युब्रियम म्हणजे मूठ आणि झिफॉइड म्हणजे तलवारीसारखे, दोन्ही उरोस्थीचे भाग. कानातली तीन हाडे तर आपण शाळेतच हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणून शिकतो, लॅटिन नावांचा अर्थही तोच. सॅजिटल प्रतल बाणावरून, करोनल मुकुटावरून. कॉक्सिक्स हे नाव ग्रीकांनी कोकीळकुळातल्या पक्ष्याच्या चोचीवरून ठेवले, आपण माकडहाड म्हणतो. एकाला चोच दिसली, दुसऱ्याला शेपटाची आठवण झाली, आणि पाहणे दोघांचेही अचूक.

फिजिओताई
शब्दवेध, अर्थाबद्दल शंभर टक्के सहमत. पण रोजचे मराठी शब्द जसेच्या तसे संज्ञा म्हणून वापरले तर घात होतो, त्याची यादी देते.

हात: आपण खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला हात म्हणतो. शरीररचनेत आर्म म्हणजे फक्त खांदा ते कोपर, म्हणजे आपला दंड. कोपर ते मनगट फोरआर्म, मनगटापुढे हँड.

पाय: लेग म्हणजे गुडघा ते घोटा, जिथे पुढे नडगी आणि मागे पोटरी. मांडी वेगळी, पाऊल वेगळे. “पाय दुखतो” असे रुग्ण म्हणाला की बोट ठेवून दाखवायला सांगावेच लागते.

पोट: उदर की जठर?

कंबर: लोक बरगड्यांच्या खालपासून माकडहाडापर्यंत सगळ्याला कंबर म्हणतात. लंबार भाग म्हणजे बारावी बरगडी आणि सेक्रम (कमरेखालचे त्रिकोणी हाड) यांच्यामधले पाच मणके, तेवढेच.

टाळू: याचे तर दोन अर्थ. तोंडातला टाळू, म्हणजे मॅक्सिला आणि पॅलाटाइन हाडांनी बनलेले छत. आणि बाळाच्या डोक्यावरची टाळू, म्हणजे फ्रंटल आणि पराएटल हाडे जुळायच्या आधीची मऊ जागा. पुढची मोठी, चौकटच्या इस्पिकाच्या आकाराची, साधारण दीड वर्षापर्यंत भरते. मागची छोटी दोन-तीन महिन्यांतच बुजते. बाळाची टाळू खोल गेली की पाणी कमी झाल्याची शंका घेतात, आणि बाळ शांत असतानाही ती फुगलेली, ताणलेली दिसली तर मेंदूवरचा दाब वाढल्याची. घरातल्या आजीने “टाळू बसली” म्हटले आणि ऐकणाऱ्याने घसा तपासला, तर मौल्यवान वेळ जाईल.

बोनसेट
ताई, चौकट आणि इस्पिक एकाच वेळी कसे? पत्त्यातली चौकट म्हणायचे असेल तर फक्त चौकट.

फिजिओताई
बरोबर, चौकटच. मागची टाळू त्रिकोणी असते.

शब्दवेध
ताईंची यादी उत्तम. पण त्यातला दंड हा शब्द बघा. कोपराच्या वरच्या भागाला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे. मनगट, तळहात, नडगी, पोटरी, घोटा, टाच, तळवा, कानशील, हनुवटी, खुबा, फरा हे सगळेही नेमकेच. गोंधळ हात आणि पाय या दोनच शब्दांचा आहे. बाकी भाषा तयार आहे.

शारीर_शिक्षक
मराठीतून अर्थ समजून घ्यावा, याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो मराठीत नवे प्रतिशब्द पाठ करून त्यांवर थांबण्याला. समीपस्थ, दूरस्थ, अभिमध्य असे शब्द घोकून मग प्रॉक्सिमल, डिस्टल, मीडिअल पुन्हा घोकायचे म्हणजे दुप्पट ओझे. लॅटिन नावांची आंतरराष्ट्रीय यादी १८९५ मध्ये बाझेलला ठरली. तिच्या पुढच्या सुधारणा होत होत १९९८ मध्ये टर्मिनॉलॉजिआ अ‍ॅनाटॉमिका आली. एवढ्या खटाटोपामागे कारण एकच होते. एकाच भागाला चार देशांत चार नावे होती आणि त्यामुळे कागदावर चुका होत. रुग्णाच्या कागदावर नाव एकच असावे.

आणि काही जोड्या मराठीत एकमेकींवर चढतात. लॅटरल आणि एक्स्टर्नल, दोघांनाही आपण “बाहेरचे” म्हणतो. लॅटरल म्हणजे मध्यरेषेपासून दूर. एक्स्टर्नल म्हणजे पोकळीच्या बाहेरच्या अंगाचे. बरगडीचा छातीच्या पोकळीकडचा पृष्ठभाग इंटर्नल, बाहेरचा एक्स्टर्नल. तिथे मीडिअल-लॅटरल म्हटले तर मागच्या भागात अर्थच लागत नाही. प्रॉक्सिमल-डिस्टलही मुख्यतः हातापायांसाठी. कण्याला ते लावू नका, तिथे सुपिरिअर-इन्फिरिअर (वरचे-खालचे).

खडू_फळा
शाळेत आम्ही कण्यात ३३ मणके शिकवतो. इथे कोणी २६ लिहिते. मुलांना काय सांगायचे?

शारीर_शिक्षक
दोन्ही बरोबर, मोजायची वेळ वेगळी. मुळात मणके ३३: मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, सेक्रमचे ५, माकडहाडाचे बहुधा ४. सेक्रमचे पाच पंचविशीपर्यंत जुळून एक हाड होते, माकडहाडाचेही एक धरतात. मग प्रौढात ७ + १२ + ५ + १ + १ = २६.

अक्षीय सांगाड्याची पूर्ण बेरीज अशी: कवटी २२, कानातली ६, हायॉइड (गळ्यातले, स्वरयंत्राच्या वरचे हाड) १, कणा २६, बरगड्या २४, उरोस्थी १. एकूण ८०. उरलेली १२६ हातापायांची, खांद्याची आणि खुब्याची.

कवटीच्या २२ मध्ये मेंदूभोवतीची ८: फ्रंटल, ऑक्सिपिटल, स्फेनॉइड, एथमॉइड प्रत्येकी एक, पराएटल आणि टेम्पोरल दोन-दोन. चेहऱ्याची १४. त्यांत खालचा जबडा आणि व्होमर एकेकटी, बाकी सहा जोड्या: मॅक्सिला, झायगोमॅटिक, नेझल, लॅक्रिमल, पॅलाटाइन, इन्फिरिअर कोंका. मुले नेहमी कोंका विसरतात, कारण वरचे आणि मधले कोंका एथमॉइडचेच भाग आहेत, फक्त खालचा स्वतंत्र हाड.

आणखी एक ठरलेली चूक. कॉलरबोन आणि फरा छातीच्या पिंजऱ्याला चिकटलेले दिसतात म्हणून अक्षीय समजतात. ते नाहीत. खुब्याचे हाडही नाही. त्याच्या मधोमध बसलेला सेक्रम मात्र आहे.

रचना_शारीर
आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना याहून मोठा आकडा भेटतो. सुश्रुतसंहितेत हाडे ३००, चरकसंहितेत ३६०. चुकीची मोजणी म्हणून हसण्यासारखे यात काही नाही. चरकांनी दात, दातांच्या खोबण्या आणि नखेही धरली आहेत. सुश्रुतांची विभागणी अशी: हातापायांत १२०, श्रोणी-बाजू-पाठ-छाती मिळून ११७, मानेपासून वर ६३. बाजूंना प्रत्येकी ३६ सांगितली आहेत. बारा बरगड्यांचे तीन-तीन भाग वेगळे मोजले की ३६ जुळतात.

हाडांचे पाच प्रकारही सुश्रुतांनी आकारावरून केले: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. चपटी ती कपाल, दात रुचक, कूर्चा तरुण, बरगड्यांसारखी वळलेली वलय, उरलेली नळीसारखी नलक. आणि हे पाहण्याची पद्धतही दिली आहे. देह मुंज, कुश, ताग अशा गवता-सालींत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचा, वाहत्या पाण्यात सात रात्री मुरू द्यायचा, मग वाळा किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. डोळ्यांनी पाहून शिकण्याचा तो आग्रह आजच्या बोनसेटलाही लागू आहे.

गोठा_ते_दवाखाना
पशुवैद्यकाचे विद्यार्थी हा धागा वाचत असतील तर एक सावधगिरी. चार पायांच्या जनावरात सुपिरिअर-इन्फिरिअर, अँटिरिअर-पोस्टिरिअर वापरत नाहीत. गाय चार पायांवर उभी असते, तिचे डोके पुढे आणि पाठ वर. म्हणून क्रेनिअल म्हणजे डोक्याकडे, कॉडल म्हणजे शेपटीकडे, डॉर्सल पाठीकडे, व्हेंट्रल पोटाकडे. माणसात व्हेंट्रल आणि अँटिरिअर एकच पडतात, गाईत नाही.

मानेचे मणके गाईत ७, कुत्र्यात ७, घोड्यात ७, जिराफातही ७. सस्तन प्राण्यांत अपवाद म्हणजे स्लॉथ आणि मॅनटी. खाली मात्र फरक पडतो: गाईला पाठीचे १३ आणि कमरेचे ६, कुत्र्याला १३ आणि ७, घोड्याला १८ आणि ६.

पहिले_वर्ष
सगळ्यांचे आभार. सरांनी विचारले होते ते बघितले. बरगडी चांगली रुंद आहे. एक टोक बारीक, त्याला लागून अरुंद मान आणि एक ठळक उंचवटा. दुसरे टोक जाड, बोथट. एका चपट्या पृष्ठभागावर दोन उथळ चर आहेत, त्यांच्या मधोमध आतल्या कडेला टोचणारा छोटा उंचवटा. म्हणजे पहिलीच ना?

बोनसेट
पहिलीच. माझे उत्तर चुकले. रुंदी विचारायला हवी होती.

शारीर_शिक्षक
पहिलीच. तो छोटा उंचवटा स्केलीन ट्यूबरकल. त्याच्या पुढच्या चरातून सबक्लेव्हिअन शीर जाते, मागच्या चरातून सबक्लेव्हिअन धमनी. चर असलेली बाजू वरची.

आता डावी-उजवी. बरगडी टेबलावर ठेवा, चरांची बाजू वर. पहिली बरगडी नीट सुलटी ठेवली तर दोन्ही टोके टेबलाला टेकतात. उलटी ठेवली तर पुढचे जाड टोक टेकते आणि मागचे बारीक टोक वर उचलले जाते. सुलटी ठेवल्यावर बारीक टोक आपल्याकडे करा, कारण ते कण्याकडचे. बाहेरची फुगीर कड डाव्या हाताकडे आली तर डावी, उजव्या हाताकडे आली तर उजवी.

तिसरीपासून नववीपर्यंतच्या बरगड्यांना ही युक्ती नको, तिथे तीन गोष्टी पुरतात: डोके मागे, पोकळ बाजू आत, खोबणीची धारदार कड खाली.

वॉर्ड_नंबर_सात
खोबण खाली असते, ते फक्त व्हायवापुरते पाठ करू नका. त्या खोबणीत वरून खाली शीर, धमनी, नस (नर्व्ह) या क्रमाने तिन्ही जातात. म्हणून छातीतले पाणी काढताना सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात. वरच्या बरगडीच्या खालून घातली तर ती थेट त्या तिघींवर.

जिवंत माणसावर बरगड्या मोजायच्या तर पहिलीपासून सुरुवात करू नका. ती कॉलरबोनच्या आड असते, बोटाला नीट लागत नाही. गळ्याच्या खळगीत बोट ठेवून उरोस्थीवरून खाली घसरवा. साधारण पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागेल, तो स्टर्नल अँगल. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून मोजत खाली यायचे. ईसीजीचे व्ही-१ आणि व्ही-२ हे इलेक्ट्रोड चौथ्या फटीत, उरोस्थीच्या उजव्या आणि डाव्या कडेला. ही मोजणी चुकून इलेक्ट्रोड एक-दोन फटी वर गेले की आलेख वेगळाच दिसतो.

सीपीआरला (हृदय थांबल्यावर छाती दाबताना) तळहाताची टाच उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, झिफॉइडवर नाही. प्रौढात खोली ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० दाब.

फिजिओताई
पाठीवरच्या खुणा जोडते. सी म्हणजे मानेचे मणके, टी पाठीचे, एल कमरेचे, एस सेक्रमचे. मान पुढे झुकवली की सगळ्यात ठळक लागतो तो बहुधा सी-७. कधी कधी टी-१ जास्त उठून दिसतो, म्हणून एकावर विसंबू नका. हात बाजूला सोडलेले असताना फऱ्याचे खालचे टोक टी-७ च्या आसपास. दोन्ही इलिअ‍ॅक क्रेस्टच्या (खुब्याच्या हाडांच्या वरच्या कडांच्या) सर्वांत उंच बिंदूंना जोडणारी रेघ एल-४ वरून जाते. पाठीच्या खालच्या दोन खळ्या एस-२ च्या पातळीला. प्रौढात मज्जारज्जू एल-१ च्या खालच्या कडेजवळ संपतो, म्हणून पाठीतून पाणी काढताना एल-३ ते एल-५ मधल्या फटी निवडतात.

आणि सगळ्यांना अडकवणारा प्रश्न: मानेचे मणके ७, मग नसांच्या जोड्या ८ कशा? पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात. आठवी सी-७ च्या खालून. तिथून पुढे प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून. एकूण ३१ जोड्या. एल-४ आणि एल-५ मधली चकती मागे-बाजूला सरकली तर दाब बहुधा एल-५ च्या नसेवर येतो, कारण एल-४ ची नस त्याच फटीतून पण वरच्या अंगाने आधीच निसटलेली असते.

क्ष_किरण
त्यात एक भर. काहींत एल-५ सेक्रमला जुळलेला असतो, काहींत एस-१ सुटलेला. मग खालून मोजणी चुकते आणि अहवालात पातळी एकाने सरकते. अशा वेळी शक्य असेल तर सी-२ पासून खाली मोजतात, आणि कोणत्या मणक्यापासून मोजले तेही अहवालात लिहितात.

बोनसेट
सी-१ ते सी-७ सगळ्यांच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसमधल्या भोकातून व्हर्टिब्रल धमनी जाते, हे तरी बरोबर ना?

शारीर_शिक्षक
सातपैकी सहा बरोबर. धमनी बहुधा सी-६ मध्ये शिरते आणि वर जाते. सी-७ चे भोक असते, पण छोटे, आणि त्यातून साधारणपणे फक्त शिरा जातात. भोक दिसले की मानेचा मणका, हा नियम मात्र सातही मणक्यांना चालतो.

आता अ. भोक नाही, म्हणजे मान नाही. बॉडीवर बरगडीची खूण आहे, म्हणजे पाठीचा मणका. लंबार असता तर बॉडी काजूगरासारखी, स्पायनस प्रोसेस कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, आणि बरगडीची खूण कुठेच नसती. पाठीच्या नेहमीच्या मणक्यावर वर आणि खाली अर्ध्या-अर्ध्या खुणा असतात, कारण प्रत्येक बरगडी दोन मणक्यांच्या सांध्यावर बसते. पूर्ण गोल एकच खूण असेल तर टी-१०, टी-११ किंवा टी-१२. टी-१ लाही वर पूर्ण खूण असते, पण खाली अर्धी वेगळी असते. टी-१० च्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर बहुधा खूण असते, तुमच्यावर नाही. उरले अकरा आणि बारा.

पहिले_वर्ष, मणका सरळ धरून खालच्या सांध्याच्या खुणा कोणीकडे बघतात ते पाहा. पुढे बघत असतील तर टी-११. बाहेर, बाजूंना बघत असतील आणि थोड्या फुगीर असतील तर टी-१२, कारण त्याला खाली एल-१ च्या आतल्या बाजूला बसायचे असते. टी-१२ चा ट्रान्सव्हर्स प्रोसेसही नावापुरता उरतो, त्याच्या जागी तीन छोटे उंचवटे दिसतात. काही सांगाड्यांत हा बदल एक मणका वरच होतो, म्हणून दोन्ही खुणा बघा.

रचना_शारीर
इ चे उत्तर माझ्याकडून. अ‍ॅटलसच्या वरच्या दोन खुणा लांबट, खोलगट, काजूसारख्या. त्यांत कवटीची ऑक्सिपिटल टोके बसतात. खालच्या खुणा नाण्यासारख्या गोल आणि जवळपास सपाट. पुढची कमान आखूड, तिच्या आतल्या अंगाला सी-२ च्या दाताची छोटी गोल खूण. मागच्या कमानीच्या वरच्या बाजूला व्हर्टिब्रल धमनीचा चर. काजू वर, चर वर, दाताची खूण पुढच्या कमानीच्या पाठीला.

या आकारांमुळेच मानेचे काम विभागले गेले आहे. खोलगट काजूत कवटी पुढे-मागे डुलते, तो होकाराचा सांधा. सपाट नाण्यांवर दाताभोवती अ‍ॅटलस फिरतो, तो नकाराचा. या दोन सांध्यांत चकती नाही. पहिली चकती सी-२ आणि सी-३ च्या मध्ये. म्हणून चकत्या २३.

शब्दवेध
होकार आणि नकार! दुसऱ्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर नाही. कण्याचे बाकही असेच मराठीत सांगता येतात. पाठीचा आणि सेक्रमचा बाक जन्मतःच असतो. मानेचा बाक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पक्का होतो, बाळ मान धरते तेव्हा. कमरेचा बाळ बसते आणि उभे राहते तेव्हा.

शारीर_शिक्षक
“मान धरते” हे सर्व्हायकल लॉर्डोसिसला (मानेच्या बाकाला) जोडून शिकवायला हवे, हे मान्य. अर्थ मराठीत, कागदावर नाव लॅटिन. एवढ्यावर आपले दोघांचे जुळते.

पहिले_वर्ष
तिन्ही हाडे पुन्हा बघितली. अ: खालच्या खुणा बाहेर बघतात, फुगीर आहेत, ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या जागी तीन उंचवटे. टी-१२. आ: चर वर ठेवल्यावर दोन्ही टोके टेकली, बारीक टोक माझ्याकडे, फुगवटा डावीकडे. डावी पहिली. इ: चराच्याच बाजूला काजू आहेत.

एक प्रश्न राहिला. पेटीत हायॉइड नाहीच. कसा असतो?

शारीर_शिक्षक
तिन्ही बरोबर. हायॉइड इतर कोणत्याच हाडाशी सांध्याने जोडलेला नसतो, स्नायू आणि अस्थिबंधांनी टांगलेला असतो, त्यामुळे सांगाड्याच्या पेटीतून तोच आधी हरवतो. घोड्याच्या नालेसारखा, उघडी बाजू मागे. मध्ये बॉडी, दोन लांब मोठी शिंगे मागे जाणारी, आणि बॉडी व मोठे शिंग जुळतात तिथून वर आलेली दोन बारीक छोटी शिंगे. पातळी सी-३. हनुवटीखाली, स्वरयंत्राच्या उंचवट्याच्या वर, अंगठा आणि तर्जनीने दोन्ही बाजूंनी हलकेच धरून गिळलात तर तो वर सरकताना जाणवेल. जोराने दाबू नका.

वॉर्ड_नंबर_सात
आणि दोन्ही बाजूंच्या नाडीवर बोटे जाऊ देऊ नका. ती तिथेच शेजारी असते.